विचित्र कोणाला? ‘अच्छरिय’, ‘अब्भुत’ आणि आपली समीक्षादृष्टी

पाली वाङ्मय शिकविताना काही शब्दांपाशी मराठी अनुवादकाचा हात अडखळतो. ‘अच्छरिय’ आणि ‘अब्भुत’ ही त्यांपैकीच एक जोडी. सुत्तपिटकात ती वारंवार येते. विद्यार्थी ‘आश्चर्य’ व ‘अद्भुत’ असे लिहितात आणि पुढे जातात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, “अच्छरिय म्हणजे विचित्र असे लिहिले तर चालेल का?” वर्ग हसला. तथागतांच्या संदर्भात ‘विचित्र’ हा शब्द कसा वापरावयाचा, असे एकाने तिला ऐकविले. आम्हीही तो शब्द खोडला आणि पुढील परिच्छेदाकडे वळलो. परंतु प्रश्न खोडला गेला नाही. जे नेहमीपेक्षा निराळे असते त्याला आपण कधी अद्भुत म्हणून वंदन करतो आणि कधी विचित्र म्हणून हसतो. यांतील निवड कोण करतो, आणि कोणत्या जागेवर उभा राहून करतो? मराठी समीक्षेने हा प्रश्न फारसा विचारलेला नाही. आपल्या समाजाला मात्र तो टाळता येण्यासारखा नाही, असे आमचे नम्र मत आहे.

शब्दांची साक्ष

प्रथम ‘विचित्र’ या शब्दाचीच साक्ष काढू. संस्कृतात ‘विचित्र’ म्हणजे अनेक रंगांचे, नानाविध, म्हणून मनोहर. पालीतील ‘विचित्त’ हा शब्दही नानारंगी वस्त्रे, अलंकार, नक्षी यांसाठी येतो. मराठीत येईपर्यंत या शब्दाचे रंग उतरले आणि मागे केवळ नाक मुरडणे उरले. ‘चमत्कारिक’ या शब्दाची कथा अशीच आहे. चमत्कार हा पूज्य, पण चमत्कारिक माणूस हा टाळण्याजोगा. ‘विक्षिप्त’ हा शब्द पाहावा. सतिपट्ठानसुत्तात ‘विक्खित्त’ ही चित्ताची एक अवस्था आहे. विखुरलेले, इतस्ततः फेकले गेलेले चित्त. साधकाने आपल्या चित्ताची ती अवस्था केवळ जाणावयाची आहे. मराठीने तोच शब्द एखाद्या माणसाच्या कपाळावर कायमचा चिकटविला. ‘अफलातून’ हे तर ग्रीक तत्त्ववेत्त्या प्लेटोचे अरबी-फारसी रूप. एका तत्त्वज्ञाचे नाव शतकांचा प्रवास करून मराठीत आले आणि अचाट, लोकविलक्षण गोष्टींचे विशेषण बनले.

या शब्दांच्या प्रवासातून एक गोष्ट दिसते. निराळेपणाचे वर्णन करणारे शब्द हळूहळू निराळेपणाचा निवाडा करणारे शब्द होतात. आरंभी ते वस्तूविषयी बोलतात. शेवटी ते बोलणाऱ्याविषयी अधिक सांगू लागतात.

अट्ठकथाकार आचार्य बुद्धघोषांनी ‘अच्छरिय’ व ‘अब्भुत’ यांची केलेली फोड या दृष्टीने उद्बोधक आहे. आंधळ्याने पर्वत चढावा तसे जे नित्य घडत नाही ते अच्छरिय. किंवा जे पाहताच चुटकी वाजवावीशी वाटते ते अच्छरिय, कारण पालीत ‘अच्छरा’ म्हणजे चुटकी. आणि पूर्वी न झालेले जे झाले ते अब्भुत. या व्याख्यांत घृणा नाही आणि भक्तीही नाही. सवयीला बसलेला एक लहानसा धक्का, एवढाच त्यांचा आशय आहे.

संयुत्तनिकायातील गद्दुलबद्धसुत्तात तथागतांनी ‘चित्त’ या शब्दावर एक सुंदर श्लेष साधला आहे. पालीत ‘चित्त’ म्हणजे मन आणि ‘चित्त’ म्हणजे चित्रही. गावोगाव फिरवून दाखविल्या जाणाऱ्या ‘चरण’ नावाच्या चित्राचा तेथे उल्लेख येतो, आणि ते चित्र ज्या मनाने रंगविले ते मन त्या चित्राहूनही अधिक नानाविध आहे असे सांगितले जाते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथी ज्यांनी पाहिले असतील त्यांना हा दृष्टान्त परका वाटणार नाही. अंगुत्तरनिकायात कुमारकस्सप थेरांना ‘चित्तकथिकां’त अग्र म्हटले आहे, नानारंगी बोलणारा, असा त्याचा अर्थ. आपल्या परंपरेत विचित्रपणा हा मूळचा मनाचा गुण आहे. वस्तूवर तो नंतर लादला जातो.

आश्चर्याची दिशा

आता बुद्धवचनात आश्चर्याचे काय होते ते पाहू. ‘अब्भुतधम्म’ हे शास्त्याच्या शासनाच्या नऊ अंगांपैकी एक अंग मानले गेले आहे. म्हणजे अद्भुताला येथे जागा आहे. परंतु ती जागा कोणती, हे तीन प्रसंगांवरून कळते.

पहिला प्रसंग मज्झिमनिकायातील अच्छरियअब्भुतसुत्ताचा. बोधिसत्त्वाच्या जन्मसमयी घडलेल्या विलक्षण गोष्टींची मालिकाच आनंद तेथे सांगतात. सर्व सांगून झाल्यावर तथागत म्हणतात की आणखी एक आश्चर्य ध्यानात ठेव: तथागतांच्या ठायी वेदना उत्पन्न होते ती जाणलेली असते, टिकते ती जाणलेली असते, मावळते ती जाणलेली असते, संज्ञा आणि वितर्क यांचेही तसेच. सुत्त येथेच संपते. वर्णनांचा एवढा मोठा डोलारा उभारून अखेर श्रोत्याचे लक्ष एका अत्यंत साध्या, कोणालाही आपल्या ठायी पडताळता येणाऱ्या गोष्टीकडे वळविले जाते. आनंदांचे सांगणे खोडून काढलेले नाही. त्याची दिशा बदलली आहे.

दुसरा प्रसंग दीघनिकायातील केवट्टसुत्ताचा. नालंदेचा एक गृहपती विनवितो की एखाद्या भिक्षूला ऋद्धिप्रातिहार्य करावयास सांगावे, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत नकार देतात. कारण मार्मिक आहे. पाहणारा श्रद्धाहीन असेल तर तो म्हणेल, ही गांधारी विद्या आहे, करामत आहे. म्हणजे विचित्राने बसलेला धक्का ज्ञानापर्यंत पोहोचत नाही. श्रद्धावान अधिक श्रद्धावान होतो आणि संशयी अधिक संशयी. खरे प्रातिहार्य अनुशासनीचे, शिकविण्याचे. याच सुत्तात सर्वज्ञ म्हणविणारा महाब्रह्मा एका भिक्षूला बाजूला घेऊन ‘मलाही ठाऊक नाही’ अशी कबुली देतो. चमत्काराचे आकर्षण सुत्तकाराने हसतहसत उतरविले आहे. विनयपिटकात पिंडोल भारद्वाजांनी राजगृहाच्या श्रेष्ठीने उंच टांगलेले चंदनाचे पात्र ऋद्धीने उतरविले, तेव्हा तथागतांनी त्यांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली आणि गृहस्थांपुढे असे प्रदर्शन करण्यास मनाई केली. हेही येथे स्मरणीय आहे.

तिसरा प्रसंग आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. अंगुत्तरनिकायात महासागराचे आठ ‘अच्छरिय अब्भुत’ धर्म सांगितले आहेत. सागर क्रमाने खोल होतो. तो मर्यादा ओलांडत नाही. प्रेत ठेवून घेत नाही. त्याचा रस एकच, खारट. नद्या सागरास मिळाल्या की आपली नावे सोडतात. तसेच चार वर्ण धम्मविनयात आले की आपली नावगोत्रे सोडतात. सागर खारट आहे यात आश्चर्य ते काय? परंतु येथे तेच आश्चर्य ठरते. आणि ज्या समाजात जन्माचे नाव मरेपर्यंत, किंबहुना मरणानंतरही सुटत नाही, त्या समाजात नाव सुटणे हे तर परमाश्चर्य. दीक्षाभूमीवरील १४ ऑक्टोबर १९५६ च्या सोहळ्यानंतर दुसऱ्या दिवशी नागपुरातच केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हाच सागराचा दाखला दिला होता. मेलेले जिवंत झाले नाहीत, आकाशातून फुले पडली नाहीत. लाखो माणसांनी आपले नाव सोडले. आमच्या मते अब्भुतधम्माची ही अगदी अलीकडची नोंद आहे.

एक आक्षेप

येथे विवेकवादी वाचक आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप आदरणीय आहे. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात चरित्रावर चढलेली अद्भुताची पुटे एकेक करून बाजूला काढली. चार दृश्यांची कथा मुळात महापदानसुत्तातील विपस्सी बुद्धांची असून ती मागाहून गोतमांच्या चरित्रात शिरली, हे त्यांनी दाखविले. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तोच प्रश्न अधिक धारदार केला: एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ज्याने वृद्ध, रोगी आणि मृत माणूस पाहिला नाही असा मनुष्य कसा संभवतो? मग आता अद्भुताची पुन्हा बाजू घेणे म्हणजे मागे जाणे नव्हे काय?

आम्हांला तसे वाटत नाही. बाबासाहेबांचा ग्रंथ पुन्हा नीट वाचावा. चार दृश्ये त्यांनी नाकारली, कारण तेथे गृहत्यागासारख्या निर्णायक कृतीचे कारण अविश्वसनीय ठरत होते, आणि कारण अविश्वसनीय झाले की धम्माचा पायाच डळमळतो. परंतु महामायेचे स्वप्न त्यांनी काढून टाकले नाही, असित ऋषींचे भाकीतही ठेवले. त्यांच्या कात्रीला हिशेब होता. जेथे अद्भुत हे युक्तिवादाची जागा बळकावते तेथे त्यांनी ते कापले. जेथे ते काव्य म्हणून नांदते तेथे नांदू दिले. भदन्त आनंद कौसल्यायन यांचे उदाहरणही नागपूरकरांना जवळचे आहे. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांनी हिंदीत आणला. त्याच लेखणीने त्यांनी बोलणारी माकडे, कासवे आणि हरणे यांनी गजबजलेल्या जातकांचाही हिंदी अनुवाद सिद्ध केला. ५४७ जातके अनुवादताना त्यांच्या बुद्धिवादाला बाधा आली नाही. मुलांसाठी काढल्या जाणाऱ्या काही पुस्तिकांतून आज बोलणारे प्राणीच गाळले जातात आणि खाली केवळ बोध उरतो. बोध शिल्लक ठेवून कथा गाळणे हे केवट्टाच्या चुकीचे उलटे रूप आहे. त्याला केवळ धक्का हवा होता. आपल्याला केवळ निष्कर्ष हवा असतो.

भाषेचे गावकूस

आता भाषेकडे वळू. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. संग्रहातील कित्येक शब्द आपल्याला अपरिचित असल्याचे तेंडुलकरांनी मोकळेपणाने मान्य केले आणि कवीकडून त्यांचे अर्थ समजून घेतले. मराठी प्रस्तावनालेखनात हा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञ राहिले पाहिजे. प्रतिष्ठित लेखकाने ‘मला कळले नाही’ असे म्हणणे, ही त्या महाब्रह्म्याच्या कबुलीसारखी गोष्ट होती. फरक एवढाच की तेंडुलकरांनी ती चारचौघांत दिली.

परंतु त्यानंतरच्या समीक्षेने काय केले? एका पक्षाला ही भाषा किळसवाणी वाटली. दुसरा पक्ष तिच्या निराळेपणावर लुब्ध झाला. धक्का, स्फोट, विद्रूप सौंदर्य ही त्याची आवडती विशेषणे. दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसले तरी त्यांचे आसन एकच होते. दोघांनीही स्वतःच्या कानाला बसलेला धक्का हा कवितेचा गुणधर्म मानला. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर एकाने बीभत्साचा आणि दुसऱ्याने अद्भुताचा आस्वाद घेतला. आणि रस हा प्रेक्षकाचा असतो. ज्या वस्तीत ते शब्द जन्मले तेथील पोराला ते भाकरी-मिठाइतके नेहमीचे होते. त्याच्या दृष्टीने विचित्र होती ती क्रमिक पुस्तकाची भाषा. ढसाळांच्या कवितेचे मोठेपण शब्दांच्या अपरिचितपणात असते, तर शब्दार्थांची यादी हाती येताच ते संपले असते. अर्थ कळल्यावरही ती कविता वाचकाला सोडत नाही, हे तिचे बळ. कोश मिटल्यानंतर समीक्षेचे काम सुरू होते, आणि बहुतेक समीक्षक कोशापाशीच थांबले.

मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्त या संदर्भात प्रत्येक भाषाशिक्षकाने वाचावे. ‘अरण’ म्हणजे कलहाचा अभाव. तेथे एकाच भांड्याची निरनिराळ्या जनपदांतील सात नावे दिली आहेत: कोठे पाति, कोठे पत्त, कोठे सराव, कोठे पोण, कोठे पिसील. जो एकाच नावाला घट्ट धरून ‘हेच खरे, बाकी व्यर्थ’ म्हणतो तो कलह निर्माण करतो. जो ‘हे आयुष्मान् या भांड्याला असे म्हणतात’ एवढे जाणून तसे बोलतो तो अरणाच्या वाटेवर असतो. रूढ संज्ञा झुगारून देण्यासही तेथे सांगितलेले नाही, हे लक्षात घ्यावे. हट्ट तेवढा सोडावयाचा आहे. पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. पुण्याच्या वाचकाला गंज म्हणजे लोखंडावर चढलेला तांबूस थर. ‘काहून’ म्हटले की मुंबईचा श्रोता हसतो. पुष्कळ विनोदी कार्यक्रमांची गुजराण याच हसण्यावर होते.

येथे आम्हांला स्वतःलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे लागते. विद्यापीठाची पदवी मिळाल्यावर ‘काहून’ आमच्याही तोंडून नाहीसे झाले. पाहुणे आले असता आईने ‘अठी बसा’ म्हटले की आम्ही घाईघाईने ‘इथे बसा’ असे शुद्ध करून म्हणत असू. आईने एकदाच आमच्याकडे पाहिले आणि त्यानंतर पाहुण्यांसमोर ती कमी बोलू लागली. अठ्ठकथांतील दुर्मिळ रूपे जपण्यासाठी रात्री जागविणाऱ्या आम्ही घरातले रूप मात्र असे गमावले. तथागतांनी आपले वचन छंदस् मध्ये घालण्यास नकार दिला आणि ज्याच्या त्याच्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली, हे विनयातील प्रकरण आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. ते आमच्याच ओसरीवर लागू होते हे कळायला आम्हांला फार उशीर झाला.

ज्यांना विचित्र व्हावे लागले

संस्कृतीच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक जड होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे निघतात. प्रचंड पुतळे, आरोळ्या, चालू घडामोडींवरची टवाळी. पाहणाऱ्याला हे सारे विलक्षण मोहक वाटते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही प्रथा नागपूरची ओळख झाली आहे. तिच्या विनोदाचे आणि धिटाईचे आम्हांलाही कौतुक आहे. परंतु इडापिडा, रोगराई उचलून गावाबाहेर न्यावी, ही कल्पना ऐकताना आपल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे: गावकुसाबाहेर कोण राहत होते? खेड्यापाड्यांत गावाने जे नको म्हणून बाहेर टाकले ते ज्यांच्या दारात पडे, त्यांना त्या रूपकाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

पोतराजाचे तसेच. मोकळे केस, कमरेला चिंध्यांचा घागरा, हातात आसूड, स्वतःच्या अंगावर ओढलेले वळ. आज महोत्सवांच्या रंगमंचावर हे रूप लोककला म्हणून अवतरते आणि टाळ्या घेते. धम्मदीक्षेनंतर कित्येक घरांनी तो आसूड खाली ठेवला. त्यांनी कला सोडली असे हळहळणारे लेख आम्ही वाचले आहेत. हळहळणाऱ्याच्या पाठीवर वळ नव्हते. विचित्राचे आकर्षण बहुधा पाहणाऱ्याला असते आणि त्याची किंमत धारण करणाऱ्याने मोजलेली असते. हा हिशेब ज्या समीक्षेत मांडला जात नाही ती समीक्षा अपुरी होय.

आणखी एक उदाहरण आपल्याच विदर्भातले. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस संकलित केल्या. मराठी गद्याचा तो आद्य ठेवा. गोविंदप्रभूंचे वागणे लोकविलक्षण. लोक त्यांना वेडे म्हणत. ते अस्पृश्य मानलेल्यांच्या घरीही मुक्तपणे जात. गावाने ते सोसले, कारण वेड्याला सारे माफ असते. महानुभावांनी त्या वेडात ईश्वर पाहिला, ही त्यांची थोरवी. पण गावाच्या सोसण्यात एक चातुर्यही होते. समतेचे आचरण वेडाच्या खात्यावर जमा केले की शहाण्यांवर त्याचे अनुकरण करण्याचे बंधन उरत नाही. ‘विचित्र’ ही पदवी माणसाला संरक्षण देते आणि त्याच वेळी त्याच्या कृतीतील विस्तव काढून घेते. तथागतांनी सुनीत भंग्याला आणि उपाली न्हाव्याला संघात घेतले ते नियम म्हणून. लहर म्हणून त्याकडे दुर्लक्ष करण्याची सोय त्यांनी कोणाला ठेवली नाही.

त्याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेथे ज्या मराठीचा अभ्यास होईल तिच्यात गंज आणि पातेले ही दोन्ही भांडी शेजारी शेजारी मांडलेली असावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

त्या विद्यार्थिनीला आज आम्ही काय उत्तर देऊ? ‘अच्छरिय’ला ‘विचित्र’ म्हणता येईल; मात्र त्या शब्दाचे उतरलेले रंग आधी त्याला परत करावे लागतील. आणि प्रत्येक वेळी तो शब्द लिहिताना तीन प्रश्न विचारावे लागतील. हे कोणाला विचित्र वाटते? त्या वाटण्याची किंमत कोण देतो? आणि बसलेला धक्का ओसरल्यावर काही समजले की नाही? या तीन कसोट्या लावल्या असता पुष्कळ विचित्र गोष्टी नेहमीच्या ठरतील आणि पुष्कळ नेहमीच्या गोष्टी, आपल्या घरातल्या, आपल्या शेजारच्या, फार विचित्र दिसू लागतील. माणसाने माणसाचा स्पर्श टाळावा, ही गोष्ट कित्येक शतके या देशात कोणालाही विचित्र वाटली नाही. ज्या दिवशी ती वाटू लागली त्या दिवसापासून आपला इतिहास सुरू होतो.